फॉलो-अपला न आलेली तानीबाई

"अंडाशयाचा कॅन्सर आहे. तिसरी स्टेज."

नागपूरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा माझ्या मांडीवर सातवीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा होता. नंबर लागेपर्यंत तपासून होतील म्हणून राजुऱ्याहून आणला होता. मी लाल पेनाला टोपण लावलं. माझे शौहर हमीद शेजारी बसले होते. त्यांनी तो गठ्ठा माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं.

मी नसीमा शेख. राजुऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. हमीदचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. एक मुलगी, रुखसाना, तेव्हा आठवीत. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या हातात असाच रिपोर्ट येईल त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासोबत बाकावर बसणाऱ्यांसाठी.

माझं पोट फुगायचं. दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटायचं. परकराची नाडी दर आठवड्याला सैल करावी लागे आणि बांगड्या मात्र हातातून निसटायच्या. मी गॅसचं चूर्ण खात राहिले. पोट वाढतं आणि हात बारीक होतात, हे एका वेळी होत असेल तर चूर्ण खात बसू नका, बायांनो. मी पावसाळाभर बसले.

चंद्रपूरला सोनोग्राफी झाली. पोटात पाणी दिसलं. सी.ए. एकशेपंचवीस नावाची रक्ताची तपासणी झाली. या आजारात रक्तात एक पदार्थ वाढतो, त्याचं मोजमाप. माझं फार वाढलेलं होतं. मग नागपूर आणि ऑपरेशन. तिसरी स्टेज म्हणजे रोग अंडाशयात थांबलेला नाही, पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला आहे. दिसला तेवढा त्यांनी काढला. उरलेल्यासाठी केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायची औषधं.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे एक क्लिनिकल ट्रायल सुरू आहे. दोन प्रकारची औषधं आहेत. कोणतं जास्त चांगलं हे आज जगात कोणाला ठाम माहीत नाही. तुम्ही तयार असाल तर कोणतं मिळेल हे लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवेल. मी नाही, तुम्हीही नाही."

हमीद म्हणाले, "म्हणजे चिठ्ठ्या टाकून इलाज?"

"डॉक्टरांनी निवडलं तर नकळत धडधाकट पेशंटला एक औषध जातं आणि अशक्त पेशंटला दुसरं. मग फरक औषधाचा की माणसाचा, हे कधीच कळत नाही. म्हणून चिठ्ठी. नको असेल तर नाही म्हणा, उपचार थांबणार नाही."

संमतीचा कागद मराठीत होता. मी दोनदा वाचून सही केली. आणि मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. "किती दिवस?"

डॉक्टरांनी टाळलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी एक आकडा सांगितला. म्हणाले, हा मीडियन सर्व्हायव्हल आहे.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तो त्या काळचा, त्या औषधांचा, दुसऱ्याच बायांचा होता. पण तुमच्यातली कोणीतरी तो उचलून उशाशी ठेवेल, जसा मी ठेवला. मी बोटांवर महिने मोजले. रुखसानाच्या दहावीच्या परीक्षेच्या आधीच तो संपत होता.

गणिताच्या बाईने मीडियनचा अर्थ चुकवावा, हे लाजिरवाणं आहे. पण मी चुकवला. माझ्या मनात ती शेवटची तारीख झाली. त्या तारखेप्रमाणे मी वागू लागले. नवीन चपला घ्यायचं टाळलं. रुखसानाला भाकरी, वरण, मटण सगळं भराभर शिकवलं, आणि तिचं मीठ चुकलं की ओरडले. एका दुपारी हमीदना म्हणाले, "माझ्यानंतर दुसरं लग्न करा. पण पोरीला सांभाळणारी पाहा." ते दुकानातून जेवायला आले होते. ताट तसंच ठेवून उठले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

केमोच्या पहिल्याच दिवशी मला तानीबाई मडावी भेटली. अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका गावची. वयाने माझ्याएवढी, गोंदलेलं कपाळ, केसांना घट्ट गाठ. सोबत तिचा नवरा कोमटी. माझ्या खुर्चीला लागून तिची खुर्ची. लिफाफ्यातून आम्हा दोघींना एकच औषध निघालं होतं. तेच सलाईन, तेवढेच तास, दर तीन आठवड्यांनी. सहा वेळा.

तिला मराठी कमी यायची, मला गोंडी अजिबात नाही. नर्स विचारायची, "दुखतं का?" तानीबाई म्हणायची, "हिल्ले." उलटी होते का? हिल्ले. हिल्ले म्हणजे नाही. नर्स पुढे गेली की माझ्याकडे पाहून पोटावर हात ठेवायची आणि तोंड वाकडं करायची. दुखत असायचं. मग आम्ही दोघी हसायचो. त्या खोलीत आमच्याशिवाय कोणी हसत नसे.

तिसऱ्या वेळी माझे केस गेले होते. तिचेही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग स्वतःच्या, आणि म्हणाली, "दोघी सारख्या." एकदा तिने लुगड्याच्या पदरात बांधून चारं आणली. तोंडाला चव नव्हती, तरी मी खाल्ली. चारोळी ज्या फळातून निघते ते हे फळ, काळं, आंबटगोड. त्या दिवसांत जिभेला लागलेली तेवढी एकच चव माझ्या लक्षात आहे.

सहा वेळा झाल्या. माझा सी.ए. एकशेपंचवीस खाली आला. तिचाही. आता फॉलो-अप, म्हणजे दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. जूनमध्ये आम्ही दोघी आलो. सप्टेंबरमध्ये मी एकटीच होते. डिसेंबरमध्येही.

डिसेंबरच्या त्या भेटीत मी खोब्रागडेसरांना पहिल्यांदा भेटले. ट्रायलचे फॉर्म तपासायला एक लहान खोली होती. तिथे ते बसत. स्टॅटिस्टिशियन, म्हणजे सगळ्या पेशंटची माहिती जुळवून कोणतं औषध चांगलं हे शोधणारा माणूस. मूळचे ब्रह्मपुरीकडचे. माझ्या फॉर्मवरची एक तारीख त्यांना लागत नव्हती म्हणून मला बोलावलं होतं. तारीख सांगून झाली, तरी मी उठले नाही.

"सर, मी गणित शिकवते. तुमचा मीडियन मला समजावून सांगा. माझे त्यातले अर्धे दिवस संपत आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्या हजेरीपुस्तकात जूनमध्ये किती पोरं असतात?"

"चाळीस."

"समजा, शाळा सोडणं म्हणजे ती वाईट घटना. जेव्हा जेव्हा एक पोरगं शाळा सोडते, तेव्हा रेषा एक पायरी खाली येते. पायरी किती मोठी? त्या दिवशी वर्गात जेवढे बसले होते त्यातून एक गेला, तेवढी. जूनच्या चाळिसातून नाई." त्यांनी पाठकोऱ्या कागदावर वरून खाली येणारी पायऱ्यांची रेषा काढली. "हा सर्व्हायव्हल कर्व्ह. रेषा निम्म्यावर आली तो दिवस म्हणजे मीडियन. आता मले सांगा, उरलेली निम्मी पोरं कुठी आहेत?"

"वर्गात."

"मग तुमी स्वतःले बाहेर काऊन उभं करून राह्यल्या?"

त्यांनी पेन रेषेवरून पुढे नेलं, निम्म्याच्या पलीकडे, कागदाच्या कडेपर्यंत. "ही शेपटी किती लांब जाते ते मीडियन सांगत नाई. तुमी त्यात असाल असं मी म्हणत नाई. नसाल असं बी कोणी म्हणू शकत नाई."

मी आणखी एक विचारलं. "वडिलांची बदली झाली म्हणून दाखला घेऊन गेलेलं पोर? त्याने शाळा सोडली नाही, पण वर्गातही नाही."

ते पहिल्यांदा हसले. "तुमीच शिकवून राह्यल्या आता. त्याले सेन्सर्ड म्हणतात. गेला त्या दिवसापर्यंत तो हजर होता, एवढं आपल्याले पक्कं माहीत असते. तेवढं मोजायचं. पुढचं हजर बी नाई, गैरहजर बी नाई. रेषेवर उभी खूण करायची, पायरी नाई."

मग त्यांचा चेहरा बदलला. "पण दाखला घेऊन गेलेला वेगळा, आन् नुसता यायचा बंद झालेला वेगळा. त्याले लॉस्ट टू फॉलो-अप म्हणतात. तो बरा आहे म्हणून येत नाई, का दुखणं वाढलं म्हणून, कोणाले माहीत? वाढलं म्हणूनच जे येईनासे झाले, त्यांच्या नुसत्या खुणा केल्या तर औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसते. मग ते पुढच्या शंभर बायांले देतात." त्यांनी फायलींच्या थप्पीवर हात ठेवला. "गडचिरोलीकडच्या पेशंटची पत्रं परत येतात."

"तानीबाई मडावी?" मी विचारलं.

"पेशंटचं नाव मी बोलत नाई, बाई. कोणाचंच नाई."

"बरोबर आहे. मग मी माझ्या मैत्रिणीला भेटून येते."

जानेवारीत हमीद आणि मी निघालो. राजुऱ्याहून एसटीने आष्टी, आलापल्ली, अहेरी. तिथे मुक्काम. सकाळी जीप, आणि जीप थांबली तिथून सागाच्या जंगलातून पायी. टाक्यांच्या जागी माझं पोट ओढायचं. हमीद दर थोड्या वेळाने थांबत आणि पायातला खडा काढल्याचं नाटक करत, म्हणजे मला बसता येई.

गावात शिरताना एक म्हातारी अंगणात धान पाखडत होती. मी म्हटलं, "तानीबाई? तानीबाई मडावी?"

तिने सूप खाली ठेवलं. "हिल्ले," ती म्हणाली.

इतके दिवस ज्या शब्दावर आम्ही हसलो होतो, तो मला तेव्हा नीट कळला. मी तिथेच बसले.

कोमटी शेतावरून आला. त्याने मला लगेच ओळखलं. माझ्या उगवलेल्या केसांकडे पाहत राहिला. मग घरातून बाज काढून अंगणात टाकली, पाणी दिलं, आणि बसल्यावर पहिलं वाक्य बोलला, "तुमी जित्या हा. बरं झालं. ती इचारे, शाळेवाली बाई कशी असन."

जूनच्या भेटीनंतर महिनाभरातच पोट पुन्हा फुगलं होतं. त्याने नागपूरला चल म्हणून सांगून पाहिलं. ती नाही म्हणाली. "जाले दोन दिस, याले दोन दिस. तिकडं मेली त मले कोण आणन, म्हणे. इथं झाडं हाय, माणसं हाय. म्या जोर नाई केला, बाई. कराले पायजे होता का?"

हा प्रश्न त्याने मला विचारला आणि उत्तराची वाट पाहिली. मी म्हणाले, "नाही. तिचं तिने ठरवलं." हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. केमोच्या खुर्चीत बसलेल्या बाईने म्हटलं.

मग मी इथे का आले ते सांगितलं. ते सोपं नव्हतं. तुझ्या बायकोच्या मृत्यूची तारीख हवी आहे, कागदावर लिहायला, असं कोणाच्या अंगणात बसून कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हे औषध पुढच्या बायांना द्यायचं की दुसरं, ते ठरवायचं आहे. तिला काय झालं ते त्यांना माहीत नसलं, तर ते चुकीचं ठरवतील. तुमची मर्जी असेल तरच."

कोमटीने विचारलं, "तिचं नाव राहीन तिथी?"

"नाव नाही. एक नंबर. आणि रेषेवर एक पायरी."

"पण ती मोजली जाईन."

"हो."

"मंग लिवा."

पण तारीख त्याला माहीत नव्हती. त्या घरात कॅलेंडर नव्हतं. धान कापायला आलं होतं, एवढं आठवत होतं. "दुसऱ्या दिशी अहेरीचा बाजार होता. कोनी गेलं नाई गावातून." म्हणजे वार सापडला. पण कोणत्या आठवड्यातला? तो आठवत राहिला. मग हळूच म्हणाला, "पोरगी आश्रमशाळेत होती. दिवाळीच्या सुटीत येनार होती. तिची वाट पाहत होती माय. दोन दिसांनी आली ते. तोवर माती देल्ली होती."

सुट्टी कधी लागली ते शिक्षिका म्हणून मला माहीत होतं. मी बोटांवर दोन दिवस मागे गेले. वार जुळला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सोपं गणित होतं ते, आणि मला ते करवत नव्हतं. कागदावर तारीख लिहिताना हमीदनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

निघताना कोमटीने आम्हाला जंगलाच्या कडेला तिची जागा दाखवली. हमीदनी डोक्यावर रुमाल टाकला आणि हात उचलले. कोमटी त्यांच्या शेजारी उभा राहिला.

परतीच्या एसटीत एक वाईट विचार माझ्या मनात आला. तो लिहिते, कारण तुमच्याही मनात असले विचार येतील आणि तुम्हाला स्वतःची घृणा वाटेल. तानीबाईचं आणि माझं औषध एकच होतं. हा कागद मी दिला नाही, तर तिच्या जागी फक्त एक खूण राहील आणि आमची रेषा तिथे सपाट पुढे जाईल. दिला, तर पायरी पडेल. मी ज्या रेषेला लटकले होते, ती माझ्याच हाताने खाली येणार होती. बल्लारपूर येईपर्यंत तो कागद पर्समध्ये होता आणि मी पर्स उघडली नाही. हमीदना सांगितलं. ते म्हणाले, "रेषा खाली गेली म्हणून तुझं पोट दुखणार आहे का? रोग कागद वाचत नाही, नसीमा."

पुढच्याच आठवड्यात मी तो कागद खोब्रागडेसरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. चष्मा काढून पुसला.

"मी आरोग्यसेविकेले पाठवून पक्कं करून घेतो. नियम आहे." मग म्हणाले, "ट्रायल चालू असताना कोणती रेषा कुठी आहे, ते मी कोणाले सांगत नाई. डॉक्टरले बी नाई. पण हे कुठल्या बाजूले जाईन—"

"मला माहीत आहे सर. आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. लिहा."

त्यांनी लिहिलं.

त्यानंतरची वर्षं मी सलग सांगू शकत नाही. माझा आजार एकदा परत आला. पुन्हा औषधं, पुन्हा केस गेले. तेव्हाही मी शेपटीत असेन असं मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तो आकडा ज्या महिन्यात संपणार होता, तो महिना रुखसानाच्या दहावीच्या बीजगणितावरून आमच्या दोघींच्या भांडणात निघून गेला. मला आठवण झाली तेव्हा दोन आठवडे उलटले होते. चपला मात्र त्याआधीच घेतल्या होत्या. जुन्यांचा अंगठा तुटला म्हणून.

ट्रायल संपली. निकाल लागायला आणखी वेळ गेला. खोब्रागडेसरांनी बोलावून दोन्ही रेषा दाखवल्या. दुसऱ्या औषधाची वर होती, आमची खाली. दोन रेषांमधला फरक नशिबाचा की खरा, हे तपासायला लॉग-रँक नावाची चाचणी असते. प्रत्येक पायरीला विचारायचं, आज दोन्हीकडे किती जणी होत्या आणि गेली ती कोणत्या बाजूची. मग सगळ्या पायऱ्यांचा एकत्र हिशेब. फरक खरा निघाला. म्हणजे मला लिफाफ्यातून कमी चांगलं औषध मिळालं होतं, तरी मी जगले. तानीबाईला तेच मिळालं, ती गेली. दोघी सारख्या, ती म्हणाली होती. नव्हतो. का, हे रेषेला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. अल्लाला माहीत असेल. मी आता विचारत नाही.

सर म्हणाले, "तुमच्यासारख्या काही जणी गावोगाव जाऊन शोधून आल्या, आमची माणसं गेली, म्हणून हा फरक दिसला. खुणाच राहिल्या असत्या तर दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या असत्या. आन् आमी म्हटलं असतं, काई फरक नाई, कोणतं बी द्या."

तुम्ही अशा ट्रायलमध्ये असाल, तर माझी एकच विनंती आहे. जाणं बंद करायचं असेल तर खुशाल करा, तो तुमचा हक्क आहे. पण कळवा. बरं वाटतं म्हणून येत नाही की बरं नाही म्हणून, एवढं कोणाच्या तरी हाती सांगून पाठवा.

मागच्या वर्षी गडचांदूरची एक तरुण बाई माझा पत्ता शोधत घरी आली. हाच आजार, हीच स्टेज. नवरा सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर होता, म्हणून पहिल्या केमोला मी तिच्यासोबत नागपूरला गेले. खोली तीच, खुर्च्या नव्या. नर्सने सलाईन लावलं. मी बाटलीवरचं नाव वाचलं. दुसरं औषध. आता सगळ्यांना तेच देतात, चिठ्ठी लागत नाही.

ती घाबरली होती. म्हणाली, "बाई, हे चांगलं औषध हाय ना?"

"हो. हे चांगलं आहे."

"तुमाले कसं माहीत?"

सलाईन संपायला चार तास होते. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिला तानीबाई मडावीबद्दल सांगायला सुरुवात केली.